हरभऱ्याच्या गाठी आणि आमच्या घरातली गाठ



मागच्या आठवड्यात हरभऱ्याच्या मुळांचा फोटो टाकला होता. चाळीस दिवसांचं पीक, खुरप्यानं मातीसकट उचलून बादलीत हळूच धुतलेलं मूळ आणि त्याला लागलेल्या मुगाच्या दाण्याएवढ्या गाठी. तीन-चार जणांनी लगेच विचारलं, दादा ही सूत्रकृमी दिसते, ड्रिपमधून काय सोडायचं? त्यांना सांगितलं, बाबांनो काही सोडू नका. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती सुटून येत नाही. ही रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटानं सुटते, आणि नखानं फोडली की आत गुलाबी-लाल निघते. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या लाल रंगाचाच भाऊबंद आहे. ती गाठ हवेतला नत्र धरून पिकाला देते. तिच्यावर औषध सोडाल तर पैसे देऊन नुकसान विकत घ्याल.

त्याच रात्री साडेनऊला एका भावाचा फोन आला. मला वाटलं मर रोगाचं काही विचारतोय. पण तो बोलेचना. मग म्हणाला, "दादा, बायकोच्या सोनोग्राफीत लिव्हरला गाठ निघालीय. तुमच्या घरी पण असंच झालं होतं म्हणून कुणी सांगितलं." पुढं त्याला बोलता येईना. पाऊण तास बोललो त्याच्याशी. फोन ठेवल्यावर वाटलं, हे एकदा नीट लिहूनच काढावं. मंडळीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा. माझा फोटो टाकू नका. आणि पावडरीचं पण लिहा, लपवू नका."

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं गाव परांडा तालुक्यात. दसरा जवळ आलेला, सोयाबीन वाळून उभं, आणि वर परतीच्या पावसाचे ढग. ज्यांचं सोयाबीन शेंगेत फुटलंय किंवा गंजीखाली भिजलंय त्यांना ते दिवस सांगायला नकोत. मंडळीला जेवण झालं की उजव्या बरगडीखाली दुखायचं. कधी पाठीत खांद्यापर्यंत जायचं. ती ॲसिडिटीची गोळी घ्यायची, ओवा खायची आणि परत कामाला. मला दोनदा म्हणाली, "अहो, एकदा दाखवून येऊ का?" मी म्हटलं, एवढं सोयाबीन पदरात पडू दे. बारा दिवस गेले त्यात. हे मी आज सहज लिहितोय, पण ते बारा दिवस मला अजून मोजून पाठ आहेत.

मळणी झाल्यावर तालुक्याला गेलो. सोनोग्राफी करणाऱ्यानं पोटावर ते यंत्र एकाच जागी बराच वेळ फिरवलं. तिथंच माझ्या पोटात गोळा आला. रिपोर्ट इंग्रजीत. मी दहावी पास माणूस, अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. पोरानं मोबाइलवर बघून वाचलं. लिव्हरच्या उजव्या भागात 'एसओएल', ६२ बाय ५४ मिलिमीटर, पुढं हिमँजिओमा लिहून प्रश्नचिन्ह, त्याच्यापुढं अजून एक मोठा शब्द आणि प्रश्नचिन्ह, आणि सीटी स्कॅन करावा असा सल्ला. तो दुसरा मोठा शब्द पोरानं शोधला आणि मोबाइल खिशात घातला. मला सांगितलं नाही. कॅन्सर दुसरीकडून पसरून तिथं आलाय का, असा त्याचा अर्थ होता.

एसओएल म्हणजे काय हे मला नंतर कळलं. स्पेस ऑक्युपाइंग लीजन, म्हणजे जागा धरून बसलेलं काहीतरी. बस एवढंच. शेताच्या बांधावरून 'पिकात काहीतरी हिरवं वेगळं दिसतंय' म्हणावं तसं. ते तण आहे, का पीकच आहे, का चुकून पडलेलं बी उगवलंय, हे त्या शब्दात नसतं. पण आपल्या भाषेत ते 'गाठ' होऊन येतं. आणि गाठ म्हटलं की आमच्या भागात पुढचा शब्द ठरलेला, बार्शी. बार्शीला कॅन्सरचा जुना दवाखाना आहे. बार्शी, परांडा, भूम या भागातल्या गावोगावच्या कॅन्सरची नोंद तिथं १९८७ पासून ठेवली जाते, खेड्यातली अशी नोंद देशात पहिली तिथंच सुरू झाली. त्या दवाखान्यानं आमच्या भागातली किती माणसं वाचवलीत याला हिशेब नाही. पण आमच्याकडं 'त्यांना बार्शीला नेलं' म्हणलं की ऐकणारा पुढं विचारत नाही.

घरी आलो. ती रात्रभर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं करमाळ्याला दिलेल्या लेकीला फोन करून बोलावून घेतलं. मला वाटलं सोबतीला बोलावलं असेल. दुपारी बघतो तर माळवदाच्या खोलीत दोघी खाली बसलेल्या, पुढं पत्र्याचा डबा आणि पंधरा-वीस पुरचुंड्या. दोडका, वाल, गवार, काशी भोपळा, परसातला शेपू, सगळं राखेत घोळून फडक्यात बांधलेलं घरचं बी. मंडळी एकेक पुरचुंडी लेकीच्या हातात देऊन सांगत होती, हे आजीच्या वेलाचं आहे, हे कडू निघतं म्हणून दोन वेल काढून टाकायचे, हे पौर्णिमेच्या पुढं टाकायचं. लेक मान खाली घालून हो हो करत होती. मी दारातनं मागं फिरलो आणि गोठ्यात जाऊन बसलो. बैल नाहीत आता, दोन म्हशी आहेत. त्यांच्यापाशी बसलो.

आता पावडरीचं.

तालुक्याच्या डॉक्टरनं सीटी लवकर करा म्हणून सांगितलं होतं. पण सोयाबीन हमीभावाच्या खाली चाललेलं, हातात रोकड नव्हती, आणि खरं सांगायचं तर सीटी केल्यावर जे कळेल त्याची भीती होती. तेवढ्यात नात्यातल्या एकानं माणूस आणला. लिव्हरच्या गाठी विरघळवतो म्हणाला. पुडीत तपकिरी पावडर, एकवीस दिवसांचा कोर्स, ८,४०० रुपये. आत काय आहे विचारलं तर म्हणाला, जंगलातली मुळी आहे, नाव सांगितलं तर गुण जातो.

मी गेली वीस वर्षं या तालुक्यात लोकांना सांगत फिरतोय की ज्या बाटलीवर घटक लिहिलेला नाही ते औषध रानात आणू नका. कुणी 'सगळ्या रोगांवर एक टॉनिक' घेऊन आला तर मी त्याला चहा पाजून परत पाठवतो. आणि त्याच मी, घटक न लिहिलेली पावडर बायकोला रोज सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात दिली. एकोणीस दिवस.

सतराव्या दिवसापासून तिला जेवण जाईना, मळमळ सुरू झाली, अंगात जीव राहिना. त्या माणसाला फोन केला. म्हणाला, गाठ विरघळायला लागली की असं होतं, सोडू नका. एकोणिसाव्या दिवशी दुसऱ्या शहरात एका ठिकाणी दाखवलं. तिथं सोनोग्राफीचा कागद बघून म्हणाले, ॲडमिट करा, उद्या सुई घालून गाठीचा तुकडा काढून तपासू. मी हो म्हणणार होतो. पैसे भरायच्या खिडकीपाशी उभा असताना विज्ञान केंद्रातल्या आमच्या एका सरांचा फोन आला, हरभऱ्याच्या प्लॉटसाठी. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दादा, मी काही डॉक्टर नाही. पण तुम्ही रोग न ओळखता फवारणी करता का? आधी सीटी करा. सोलापूरला लिव्हरच्या तज्ज्ञ मॅडम आहेत, त्यांना दाखवा, मग सुईचं बघा." त्यांचा तो फोन हरभऱ्यासाठी आला होता, हे मी विसरत नाही.

सोलापूरच्या मॅडमनी आधी कागद बघितलेच नाहीत. मंडळीला समोर बसवून विचारायला लागल्या. काकू, वजन कमी झालंय का? भूक कधीपासून गेली? आधी कधी कावीळ झाली होती का? घरात कुणाला हिपॅटायटिस बी? पूर्वी स्तनात, गर्भाशयात कुठं गाठ, काही ऑपरेशन? दारू, मिश्री, कुठल्या गोळ्या चालू आहेत? पावडरीवर आलो तेव्हा मी खाली बघितलं. मंडळीनंच सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आजपासून बंद."

रक्त तपासलं. लिव्हरचं एसजीपीटी २१२. सोनोग्राफीच्या दिवशी तालुक्याला केलेलं होतं तेव्हा ते ३४ होतं. म्हणजे गाठ असताना लिव्हर चांगलं चाललं होतं. बाकी हिपॅटायटिस बी आणि सी नाही, एएफपी नावाची लिव्हरच्या कॅन्सरसाठी बघतात ती तपासणी नॉर्मल, प्लेटलेट नॉर्मल, किडनीचं क्रिएटिनिन बघितलं कारण सीटीत रंगाचं औषध शिरेतून देतात ते किडनीवाटे बाहेर पडतं. मग ट्रिपल फेज सीटी. साध्या सीटीनं हे काम होत नाही, ट्रिपल फेजच लागतो, हे लक्षात ठेवा. म्हणजे शिरेत रंगाचं औषध सोडून तीन वेळा फोटो काढतात. पहिला साधारण अर्ध्या मिनिटानं, दुसरा मिनिटभरानं, आणि तिसरा काही मिनिटं थांबून.

मॅडमनी आम्हाला स्क्रीनसमोर बसवलं. मंडळीला म्हणाल्या, "काकू, रानात दारं धरता का?" ती म्हणाली, "जन्म गेला त्यात." मग त्यांनी तिन्ही फोटो दाखवले. पहिल्या फोटोत गाठ काळी, फक्त कडेनं तुटक तुटक पांढरे ठिपके. दुसऱ्यात ते ठिपके आत सरकलेले. तिसऱ्यात जवळपास सगळी गाठ पांढरी भरलेली, मधे थोडा ठिपका सोडून. मंडळी लगेच म्हणाली, "भेगाळलेल्या वाफ्यात पाणी असंच भरतं. आधी कडंकडंनं, मग आत." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, बरोबर. कॅन्सरच्या बऱ्याच गाठी याच्या उलट वागतात. पहिल्या फोटोतच रंग भसकन घेतात आणि शेवटच्या फोटोत आजूबाजूच्या लिव्हरच्या आधी रिकाम्या होतात. मी मनात म्हणलं, मुरमाड रान. पाणी आलं की गेलं.

कडेनं तुटक सुरुवात, हळूहळू आत भरणं आणि शेवटपर्यंत भरलेलं राहणं, ही हिमँजिओमाची ओळख. एवढी ओळख पटली की सुई घालायची गरज नसते. उलट सुई घातली तर रक्तस्राव व्हायचा धोका, कारण ती गाठ म्हणजे रक्ताच्या बारीक नळ्यांचा आणि पोकळ्यांचा गुंता. बोकडाची कलेजी सगळ्यांनी बघितलीय. तिच्यात एका जागी रक्तानं भिजलेला स्पंज बसवला आहे असं समजा. रायझोबियमची गाठ फोडून आतला रंग बघतो तशी ही फोडून बघायची नाही. ही न फोडता, रंग कसा भरतो त्यावरून ओळखायची. सीटीवर शंका राहिली तर एमआरआय करतात, तिथं ही गाठ दिवा लावल्यासारखी लख्ख दिसते. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

मंडळीनं विचारलं, "म्हणजे कॅन्सर नाही?" मॅडम म्हणाल्या, "नाही. आणि पुढं जाऊन ह्याचा कॅन्सर होतही नाही." तिनं पदर तोंडाला लावला. पोरगा बाहेर निघून गेला.

माझे प्रश्न संपत नव्हते. पहिला तोच, जो तुमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात येईल. मी म्हटलं, मॅडम, ही माझ्याबरोबर पंचवीस वर्षं फवारणीला आहे, टाकीत औषध कालवायला हीच असायची, हातमोजे कधी घातले नाहीत, त्यानं झालं का? त्या म्हणाल्या, या गाठीचं आणि फवारणीचं नातं काही सिद्ध झालेलं नाही. दारूशी नाही, खाण्याशी नाही, तिखटाशी नाही. बहुतेक जन्मतःच तिथल्या रक्तवाहिन्यांची घडण वेगळी असते आणि ती हळूहळू मोठी होते. बायकांत जास्त दिसते, तिशी ते पन्नाशीत जास्त सापडते, म्हणून शरीरातल्या हार्मोनचा काही हात असावा असं मानतात. शंभर माणसांच्या पोटाची तपासणी केली तर तीन-चार जणांत अशी एखादी गाठ निघते. बहुतेकांची छोटी, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची, आणि बहुतेकांना मरेपर्यंत कळतही नाही. मग म्हणाल्या, "पण हातमोजे घाला. फवारणीनं दुसरी दुखणी होतात, त्याला ही गाठ लागत नाही." आता आमच्या टाकीपाशी खिळ्याला हातमोजे लटकलेले असतात. तीन जोड.

दुसरं, त्या कागदावर 'जायंट' लिहिलं होतं. ५ सेंटिमीटरच्या वर गेली की बरेच डॉक्टर तिला जायंट म्हणतात, काही १० च्या वर गेल्यावर म्हणतात. शब्द राक्षसाचा, पण तो फक्त मापाचा शब्द आहे, तिच्या स्वभावाचा नाही. काढायची का? तर नाही. ही गाठ काढायची वेळ फार थोड्यांवर येते. फार मोठी होऊन पोट, आतडं दाबायला लागली, दुसरं कुठलंच कारण नसताना सतत दुखत राहिलं, भराभर वाढायला लागली, किंवा फार मोठ्या गाठीत क्वचित रक्ताच्या प्लेटलेट अडकून कमी व्हायला लागल्या, रक्तस्राव झाला, तर. मग ऑपरेशन करून गाठ सोलून काढतात किंवा लिव्हरचा तेवढा भाग काढतात. काही ठिकाणी मांडीतून बारीक नळी घालून गाठीला जाणारा रक्तपुरवठा आतूनच बंद करतात. गोळी, काढा, पथ्य, पावडर यानं ती विरघळत नाही. विरघळायला ती काही साखर नाही.

फुटेल का? गावात बायकांनी तिला घमेलं उचलू द्यायचं बंद केलं होतं. मॅडम म्हणाल्या, आपोआप फुटणं अतिशय दुर्मीळ आहे, रोजचं काम करा. पोटावर जोराचा मार बसू देऊ नका, म्हणजे म्हशीची लाथ चुकवा, ती तर कुणीही चुकवावीच. लेकीला होईल का म्हणून मंडळीनं विचारलं. हे आईकडून लेकीकडं सहसा जात नाही, तिची तपासणी करायची गरज नाही, असं सांगितलं. आणि पुण्या-मुंबईच्या तरुण पोरींच्या रिपोर्टात हे निघालं तर लग्न मोडू नका, बाळंतपण होतं, असंही त्याच म्हणाल्या. फक्त गाठ मोठी असली तर बाळंतपणात डॉक्टरला आधी सांगून ठेवायचं.

मग मी विचारलं, ही गाठ काही करत नाही म्हणता, तर दुखतं कशानं?

त्यांनी तालुक्याचा तो पहिला कागद पुढं ओढला आणि एसओएलच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. पित्ताशयात अनेक खडे, मोठा ११ मिलिमीटर. छापलेलं होतं. पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं. पोरानं वाचलं होतं, मी वाचलं होतं, पावडरवाल्यानं बघितलं होतं, सुई घालायला निघालेल्यांनीही बघितलं असेल. सगळ्यांची नजर वरच्या ओळीवर. जेवल्यावर दुखणं, पाठीत खांद्याकडं जाणं, हे सगळं खड्याचं दुखणं होतं. खडा नळीत अडकला असता तर कावीळ, ताप, सगळं झालं असतं, आणि आम्ही त्या दिवसांत बसून गाठ विरघळवत होतो. एसजीपीटी वाढण्यात खड्याचाही हात असू शकतो म्हणून त्यांनी नळी नीट बघितली. नळी मोकळी होती. पावडर बंद केल्यावर दीड महिन्यात आकडा २१२ वरून ४१ वर आला, भूक परत आली. तोवर त्यांनी खड्याच्या ऑपरेशनला हात लावू दिला नाही.

संक्रांतीच्या आधी दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला गाठीचं आधीच सांगितलेलं होतं. नंतर त्यांनी सांगितलं, कॅमेऱ्यात लिव्हरच्या कडेला ती जांभळट दिसत होती, आम्ही तिला हात लावला नाही. चौथ्या दिवशी मंडळी घरी. त्या दिवसापासून दुखणं नाही. गाठ आहे तिथंच आहे.

सहा महिन्यांनी आणि वर्षानं सोनोग्राफी केली. ६.२ होती, वर्षानं ६.३ आली. मला परत घाम फुटला. मॅडम म्हणाल्या, एक मिलिमीटर हा मोजणाऱ्याच्या हाताचा फरक असतो, वाढ नव्हे. ओळख पक्की असली तर खरं म्हणजे परत परत तपासायचीही गरज नसते, युरोपातल्या लिव्हरच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ साली तसं लिहूनच ठेवलंय. आपली मोठी होती म्हणून दोनदा बघितली. आता दुखलं-खुपलं तरच या. मंडळी म्हणाली, "बरं झालं, तेवढं भाडं वाचलं."

इथं लिहिणं थांबवलं असतं. पण एक गोष्ट राहिली आहे आणि ती सांगायला जड जाते.

गेल्या वर्षी वस्तीवरच्या माझ्या एका सोबत्याच्या सोनोग्राफीत लिव्हरमध्ये ४ सेंटिमीटरची गाठ निघाली. डॉक्टरनं सीटी करायला सांगितलं. तो बांधावर माझ्याकडं कागद घेऊन आला. मी तेव्हा मोठा जाणकार झालो होतो. म्हटलं, "काही नसतं रे, आमच्या घरी पण आहे, ह्याच्यापेक्षा मोठी आहे. रक्ताच्या नळ्या असतात त्या. घाबरू नको." त्याला बरं वाटलं. त्यानं सीटी केला नाही. तो वीस वर्षं पिणारा माणूस, हे मला माहीत होतं. त्याला हिपॅटायटिस बी होता, हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. पाच महिन्यांनी पोटात पाणी झालं तेव्हा बार्शीला नेलं. लिव्हरचा कॅन्सर. अक्षय्य तृतीयेच्या आत गेला. आधी कळलं असतं तर वाचला असता का, ते कुणी सांगू शकत नाही. पण त्याला पाच महिने मी दिलेल्या धीरावर काढावे लागले. त्याची बायको अजून मला भाऊजी म्हणून हाक मारते. मी तिच्या नजरेला नजर देत नाही.

म्हणून परवा त्या फोनवरच्या भावाला मी 'काही नसतं' असं म्हटलं नाही. त्याला विचारलं, वहिनींना कावीळ झाली होती का, हिपॅटायटिसची तपासणी केली का, वजन उतरलंय का, पूर्वी कुठं गाठ निघाली होती का. लिव्हर आधीच खराब असेल, दारूनं म्हणा, बी-सी नं म्हणा, किंवा आधी कुठला कॅन्सर होऊन गेला असेल, तर सोनोग्राफीतली पांढरी गाठ हिमँजिओमासारखी दिसली तरी तिला तसं म्हणायचं नाही. डॉक्टरनं ट्रिपल फेज सांगितला तर तो करायचा. आमच्या घरच्या कागदावरून त्याच्या घरचं निदान होत नाही. आणि सोबत सांगितलं, कागदाच्या खालच्या ओळी पण वाच. घटक न लिहिलेलं काही पोटात घालू देऊ नको. सुई घालायची म्हणाले तर आधी विचार, सीटीवर ओळख पटली का.

काल त्याचा फोन आला. सीटी झालाय, रिपोर्ट उद्या मिळणार. आवाज अजून तसाच होता.

मंडळी आत्ता हरभऱ्यात आहे, शेंडे खुडतेय. संध्याकाळी भाजी आणि भाकरी. परसात दोडक्याचा वेल मांडवावर चढलाय, लेकीनं करमाळ्याला नेलेलं बी तिच्या दारातही चढलं म्हणून फोटो आला होता. त्या पुरचुंड्या परत मागून घेऊ का म्हणून मी विचारलं. मंडळी म्हणाली, "राहू द्या तिच्याकडं. दोन घरांत असलेलं बरं."

फुलोरा सुरू होतोय. घाटे अळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे उद्या लावतो, पक्षीथांबे लावून झालेत. सापळ्यात रोज किती पतंग पडतात ते इथं टाकत राहीन.